डावे वळण, समोरची गाडी आणि चुकीची टक्केवारी

अमेरिकेत डावीकडे वळणारी गाडी समोरून सरळ येणाऱ्या गाडीला धडकली, की इन्शुरन्स कंपनीचा दावे तपासणारा ॲडजस्टर पहिल्याच फोनवर निकाल ऐकवून मोकळा होतो: तुम्ही डावीकडे वळत होता ना, मग चूक तुमचीच. नुकताच तिकडे गेलेला मराठी माणूस हे ऐकून गप्प बसतो. तिथे वर्षानुवर्षे गाडी चालवणारेही बहुधा गप्पच बसतात, कारण ड्रायव्हिंगच्या परीक्षेपासून त्यांनी हेच ऐकलेले असते.

ॲडजस्टरचे म्हणणे खोटे नसते, पण ते अर्धेच असते. डावीकडे वळणाऱ्यावर कायद्याने जास्त भार टाकला आहे, आणि अशा बहुतेक अपघातांत मोठा वाटा त्याच्याच पदरात पडतो. मात्र चूक पूर्ण त्याची की सत्तर टक्के त्याची, हे काही सेकंदांवर, दिव्याच्या रंगावर, धडकेच्या जागेवर आणि अपघात कोणत्या राज्यात झाला यावर ठरते. शंभर आणि सत्तर यांच्यामधल्या तीस टक्क्यांत अनेकदा हजारो डॉलर असतात.

राज्याराज्यांचे कायदे वेगवेगळे असल्याने या लेखात मुख्यतः कॅलिफोर्नियाबद्दल लिहिले आहे. इतर राज्यांचा हिशेब पुढे येईल.

डावेच वळण का

भारतात आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे समोरच्या वाहतुकीला छेद देणारे वळण उजवे असते. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात आणि तो छेद डाव्या वळणाला द्यावा लागतो. बाकी भूमिती सारखीच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१० साली चौकांतल्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपघाताच्या ऐन आधी गाडी काय करत होती, हे त्यात पाहिले होते. २२.२ टक्के अपघातांत ती डावीकडे वळत होती, तर उजवीकडे वळत असल्याचे प्रमाण अवघे १.२ टक्के होते. पार्सल पोहोचवणाऱ्या यूपीएस कंपनीने आपल्या गाड्यांचे मार्ग डावे वळण शक्य तितके टळेल असे आखले, ते वेळ आणि इंधन वाचवण्यासाठी जसे, तसेच या कारणासाठीही.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. डावीकडे वळताना गाडीची उजवी बाजू समोरून येणाऱ्याच्या तोंडी जाते. अमेरिकेत ती ड्रायव्हरशेजारच्या प्रवाशाची बाजू. भारतातून चार महिन्यांसाठी आलेली आई किंवा सासरे बहुधा तिथेच बसलेले असतात.

कलम २१८०१

कॅलिफोर्नियाच्या व्हेइकल कोडमधल्या कलम २१८०१चे दोन भाग आहेत. पहिला सगळ्यांना ठाऊक असतो. डावीकडे वळणाऱ्याने किंवा यू-टर्न घेणाऱ्याने समोरून येणाऱ्या, धोका होईल इतक्या जवळ असलेल्या सगळ्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचे, आणि वळण सुरक्षितपणे पुरे होईपर्यंत जाऊ देत राहायचे. एकदा पाहिले आणि सुटलो, असे चालत नाही. वळण चालू असताना प्रत्येक क्षणी ही जबाबदारी त्याच्याकडे असते. नियम फक्त चौकापुरता नाही. मधल्या रस्त्यावरून डावीकडे पेट्रोल पंपात किंवा दुकानाच्या आवारात शिरणाऱ्यालाही तो लागू आहे.

दुसऱ्या भागाकडे फारसे कोणी पाहत नाही. वळणाऱ्याने थांबून वाट दिली, नियमाप्रमाणे इंडिकेटर दाखवला आणि मग वळायला सुरुवात केली, तर समोरून येणाऱ्यांनीही त्याला वाट द्यायची आहे. इंडिकेटर वळणाच्या किमान १०० फूट आधीपासून चालू असावा, असे कायदा सांगतो. म्हणजे सरळ येणाऱ्याला डोळे मिटून पुढे घुसण्याचा परवाना कायद्याने दिलेला नाही. रस्ता माझ्या हक्काचा आहे असे म्हणणाऱ्यानेही अपघात टाळता येण्याजोगा असेल तर टाळायला हवा होता का, असा प्रश्न कोर्टात उभा राहतो. ॲडजस्टरशी बोलताना या दुसऱ्या भागाचा उल्लेख करावा. पलीकडचा आवाज थोडा बदलतो.

अल्वाराडो स्ट्रीटवरची ओल्डस्मोबाइल

या विषयावरचा कॅलिफोर्नियाचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल एका डाव्या वळणातूनच निघाला. २१ नोव्हेंबर १९६८च्या रात्री नऊच्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये ली नावाच्या बाई आपली १९६७ची ओल्डस्मोबाइल घेऊन अल्वाराडो स्ट्रीटने उत्तरेकडे निघाल्या होत्या. थर्ड स्ट्रीटचा चौक सुमारे ७० फुटांवर असताना त्या थांबल्या आणि समोरच्या तीन लेन ओलांडून डावीकडच्या पेट्रोल पंपात शिरू लागल्या. तिथे रस्त्याला चढ आहे आणि थर्ड स्ट्रीट त्या चढाच्या माथ्यावर येतो. माथ्यापलीकडून यलो कॅब कंपनीची टॅक्सी आली, चौक पार केला आणि ओल्डस्मोबाइलच्या उजव्या मागच्या भागावर आदळली.

खालच्या कोर्टाने दोघांचीही चूक नोंदवली. टॅक्सी ताशी सुमारे ३० मैलांनी आली होती आणि तो वेग त्या जागी, त्या वेळी सुरक्षित नव्हता. ती चौकात शिरली तेव्हा दिवा पिवळा होता. मात्र समोरून येणारी गाडी तात्काळ धोका होईल इतकी जवळ असताना ली यांनी वळण घेतले, हेही कोर्टाने धरले. त्या काळच्या नियमाप्रमाणे फिर्यादीची थोडीशी चूक असली तरी तिला काहीच मिळत नसे. हा नियम इंग्लंडमधल्या १८०९ सालच्या एका खटल्यापासून चालत आला होता. ली रिकाम्या हाताने परतल्या.

प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ मार्च १९७५ रोजी न्यायमूर्ती रेमंड सलिव्हन यांनी बहुमताचा निकाल लिहिला आणि जुना नियम मोडीत निघाला. यापुढे ज्याची जितकी टक्के चूक, तितकीच टक्के त्याची भरपाई कापायची. नव्वद टक्के चूक असलेल्यालाही उरलेले दहा टक्के मागता येतात. ‘ली विरुद्ध यलो कॅब कंपनी’ या नावाने कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात.

आजच्या ॲडजस्टरच्या ‘चूक तुमचीच’मध्ये १९७५च्या आधीचा तो नियम अजून घर करून आहे, असे मला वाटते. कायदा टक्केवारीत गेला, पण फोनवरची भाषा हो-नाहीतच राहिली.

सेकंदांचा हिशेब

चूक वाटून देताना पहिला प्रश्न येतो तो अंतराचा आणि वेगाचा. समजा तुम्ही वळायला सुरुवात केलीत तेव्हा समोरची गाडी ३०० फुटांवर होती. ताशी ४० मैलांनी येणारी गाडी सेकंदाला सुमारे ५९ फूट कापते, म्हणजे तिला तुमच्यापर्यंत यायला पाच सेकंद लागतील. थांबलेल्या गाडीला दोन-तीन लेन ओलांडून बाहेर पडायला साधारण चारेक सेकंद लागतात, म्हणजे तुम्ही सुटलात.

आता तीच गाडी ताशी ६० मैलांनी येत आहे असे धरा. सेकंदाला ८८ फूट, म्हणजे हाताशी ३.४ सेकंद. तुमची गाडी अजून तिच्या लेनमध्येच आहे. तुमचा अंदाज ४० मैलांच्या रस्त्यावर चुकलेला नव्हता, चुकला तो समोरच्याचा वेग. समोरून सरळ आपल्याकडे येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्याला नीट कळत नाही, कारण ती आडवी सरकताना दिसत नाही, फक्त हळूहळू मोठी होत जाते. रात्री तर दिसतात दोन दिवे, बाकी काही नाही.

म्हणून समोरचा वेगमर्यादेच्या फार वर होता हे सिद्ध झाले, तर त्याच्या पदरात मोठा वाटा पडू शकतो. पाच-सात मैल वर होता एवढ्याने फारसे काही हलत नाही. आणि गाडी अजिबात दिसलीच नाही, असे वळणाऱ्याने सांगितले तर ते त्याच्याच अंगाशी येते. जी दिसण्याजोगी होती ती पाहिली नाही, ही कबुलीच ठरते.

पिवळा दिवा

डाव्या वळणाचे निम्मे वाद पिवळ्या दिव्यापाशी येऊन थांबतात. वळणारा हिरव्यावर चौकाच्या मध्यापर्यंत आलेला असतो, समोरच्यांची रांग संपायची वाट पाहत. दिवा पिवळा होतो. आता सगळे थांबतील असे धरून तो वळतो. समोरचा मात्र पिवळा पाहून ॲक्सिलरेटर दाबतो.

कॅलिफोर्नियात पिवळ्या दिव्यावर चौकात शिरणे हा गुन्हा नाही. कायद्याच्या लेखी पिवळा म्हणजे लाल येत असल्याची सूचना, बस. काही राज्यांत पिवळ्यावरही, सुरक्षितपणे थांबता येत असेल तर थांबायलाच हवे. पण कॅलिफोर्नियात ‘तो पिवळ्यावर आला’ एवढ्याने वळणाऱ्याची सुटका होत नाही. समोरचा थांबतो आहे, हे दिव्यावरून नव्हे, त्याच्या गाडीकडे पाहून ठरवायला हवे. उलट पिवळा पाहून वेग वाढवणाऱ्याला परिस्थितीला साजेसा वेग ठेवण्याचा मूलभूत नियम आडवा येतो. टॅक्सीवाल्याला १९६८ साली हेच भोवले.

दिवा लाल झाल्यावर समोरचा शिरला असेल तर चित्र पालटते. लाल तोडणाऱ्याची चूक मोठी. प्रश्न असतो तो सिद्ध करण्याचा, कारण दोघेही शपथेवर सांगतात की माझा दिवा लाल नव्हता. इथे सिग्नलचे वेळापत्रक उपयोगी पडते. पिवळा किती सेकंद राहील हे रस्त्याच्या वेगावर ठरते. कॅलिफोर्नियात ३५ मैलांच्या रस्त्यावर किमान ३.६ सेकंद, ४५ मैलांच्या रस्त्यावर ४.३. हे वेळापत्रक शहराच्या वाहतूक विभागाकडून माहितीच्या कायद्याखाली मागवता येते. डॅशकॅमच्या चित्रफितीत तुमचा पिवळा कधी लागला ते दिसत असेल, तर समोरच्याचा लाल कधी लागला हे गणिताने काढता येते.

या गणितात एक खोच आहे. दोन्ही बाजूंचा हिरवा एकाच वेळी संपतो असे आपण धरून चालतो, पण काही चौकांत तुमच्या बाजूचा आधी संपतो आणि समोरचा चालूच राहतो. तुम्ही पिवळा पाहून वळता, समोरचा हिरव्यावर सुसाट येतो. वाहतूक अभियंते याला ‘यलो ट्रॅप’ म्हणतात. आपला अपघात अशा चौकात झाला का, हे वेळापत्रक पाहिल्याशिवाय कळत नाही.

बाण

हिरवा बाण असेल तर वळणाऱ्याची बाजू सगळ्यात भक्कम. सिग्नलच्या पेटीत परस्परविरोधी दिवे एकाच वेळी हिरवे होऊ नयेत म्हणून कॉन्फ्लिक्ट मॉनिटर नावाचे यंत्र असते. तसे झालेच, तर ते सगळ्या दिव्यांना लाल उघडझाप करायला लावते. तेव्हा तुमचा बाण हिरवा होता हे सिद्ध झाले, की समोरच्याने लाल तोडला हे जवळजवळ आपोआप सिद्ध होते. तरी चौकात आधीपासून अडकलेल्या गाडीला किंवा रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला वाट द्यावीच लागते.

लाल बाणावर डावीकडे वळले, तर वादाला जागाच उरत नाही. उघडझाप करणारा पिवळा बाण अमेरिकेच्या सिग्नल-नियमावलीत २००९ साली आला. त्याचा अर्थ, वळा पण आधी समोरच्यांना जाऊ द्या. यलो ट्रॅपवरचा तो चांगला उपाय आहे. नवख्यांना मात्र बाण दिसला की मार्ग मोकळा वाटतो. तो हिरवा बाण नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

चारही बाजूंना स्टॉप साइन असलेल्या चौकात आधी येणारा आधी जातो. समोरासमोरचे दोघे एकदम आले, तर वळणाऱ्याने सरळ जाणाऱ्याला वाट द्यायची.

हात दाखवणारा सज्जन

समोर तीन लेन आहेत. पहिल्या दोन ट्रॅफिकने तुंबल्या आहेत. त्यांतला एक ड्रायव्हर थांबतो, हसतो, ‘या, या’ असा हात करतो. तुम्ही हात उंचावून आभार मानत वळता आणि तिसऱ्या, मोकळ्या लेनमधून आलेली गाडी तुमच्या दाराला लागते.

हात दाखवणाऱ्याला तिसरी लेन दिसत नव्हती. त्याची परवानगी तुमच्या जबाबदारीची जागा घेत नाही. तो अपघातानंतर थांबत नाही, त्याचा नंबर कोणाकडे नसतो, आणि सापडला तरी त्याच्यावर दोष टाकणे अवघड. तिसऱ्या लेनमधला तुंबलेल्या रांगेच्या कडेने भरधाव येत असेल तर त्याच्याकडे काही टक्के जातात. पण मुख्य वाटा वळणाऱ्याचाच. सौजन्याला नकार द्यायला आपल्याला जड जाते, हा यातला अवघड भाग.

गाडीला कुठे लागले

शब्द फिरवता येतात, पत्र्याला पडलेला पोचा फिरवता येत नाही. सरळ येणाऱ्याचे नाक तुमच्या पुढच्या उजव्या दारावर आदळले असेल, तर तुम्ही त्याच्या अगदी पुढ्यात वळलात असे दिसते. मागच्या चाकाजवळ किंवा डिकीवर लागले असेल, तर तुम्ही जवळपास निसटला होता आणि त्याला ब्रेक दाबायला वेळ मिळाला असावा. ली यांच्या गाडीला उजव्या बाजूने मागेच लागले होते. उलट तुमचे नाक त्याच्या कुशीत घुसले असेल, तर तो आधीच समोर आलेला होता आणि तुम्ही त्याच्यावर गेलात.

रस्त्यावरच्या काचांचा सडा, टायरच्या खुणा आणि गाड्या थांबलेली जागा यांचे फोटो गाड्या हलवण्याआधी काढता आले तर उत्तम. कोणी जखमी नसेल आणि गाड्या चालत असतील, तर त्या बाजूला घ्यायला हव्यातच, पण दोन-चार फोटोंना अर्धा मिनिटही लागत नाही. जवळून काढलेल्या फोटोंपेक्षा, सिग्नलचा खांब आणि लेनच्या रेषा एका चौकटीत येतील असे लांबून काढलेले जास्त बोलतात.

चौकातल्या खांबावरचा कॅमेरा पाहून अनेकांना हायसे वाटते. तो बहुधा गाडी आली हे सिग्नलला कळावे म्हणून बसवलेला असतो. त्यात चित्रण साठवले जातेच असे नाही. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाचा, बँकेचा किंवा किराणा दुकानाचा कॅमेरा जास्त कामाचा. पण त्याचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून त्याच दिवशी जाऊन विनंती करावी. साक्षीदाराचा फोन नंबरही तिथल्या तिथे घ्यावा. मागच्या गाडीतला माणूस, ज्याला कोणाच्याच बाजूने बोलायचे कारण नाही, तो सगळ्यात मोलाचा.

नव्या गाड्यांत एअरबॅगच्या यंत्रणेबरोबर नोंद ठेवणारा डबा असतो. धडकेच्या आधीच्या पाच सेकंदांतला वेग, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांची नोंद तो ठेवतो. समोरचा ६० मैलांनी येत होता का, याचे उत्तर बहुधा त्याच्याच गाडीत असते. कॅलिफोर्नियात ही माहिती गाडीमालकाची. ती सहसा त्याच्या संमतीने किंवा कोर्टाच्या आदेशाने काढावी लागते. गाडी भंगारात गेली की डबाही गेला. दुखापत गंभीर असेल, तर नोंद जपून ठेवण्याची मागणी करणारे पत्र वकिलाकडून लगेच पाठवले जाते, ते यासाठीच.

मोटरसायकल दिसली नाही

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांनी मोटरसायकल अपघातांचा अहवाल १९८१ साली दिला. सरळ येणारी मोटरसायकल आणि तिच्यासमोर डावीकडे वळणारी कार, हीच अपघातांची सगळ्यात नेहमीची तऱ्हा त्यात आढळली. कारवाला तिकडे पाहतो, पण त्याच्या नजरेला कार शोधायची सवय असते. पुढच्या काचेच्या कडेचा जाड खांबही तेवढी मोटरसायकल सहज झाकतो. पायी रस्ता ओलांडणारेही त्याच खांबाआड जातात. चूक ठरवताना ‘दिसली नाही’ला किंमत नाही. मोटरसायकलवाल्याचा वेग किंवा रात्री बंद असलेला दिवा यांना मात्र आहे.

‘सॉरी’ आणि पोलिसांचा अहवाल

आपल्याकडे अपघात झाला की गर्दी जमते, मोठ्या गाडीवाल्याची चूक ठरते आणि प्रकरण रस्त्यावरच मिटवायचा प्रयत्न होतो. अमेरिकेत रस्त्यावर फारसे बोलायचेच नसते. कॅलिफोर्नियाच्या पुरावा कायद्याचे कलम ११६० सांगते, की अपघातग्रस्ताविषयी वाटलेली सहानुभूती दोषाचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही, पण चुकीची कबुली वापरता येईल. ‘तुम्हाला लागले का, फार वाईट वाटते’ हे चालते. ‘सॉरी, माझे लक्षच नव्हते’ यातले दुसरे वाक्य महागात पडते. फार सभ्य माणसे इथे आपलेच नुकसान करून घेतात.

पोलिसांच्या अहवालात कोणी कोणते कलम मोडले याचा रकाना असतो, आणि डाव्या वळणात तिथे हमखास २१८०१ लिहिलेले आढळते. इन्शुरन्स कंपन्या त्याला फार मान देतात. पण कॅलिफोर्नियात हा अहवाल खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे व्हेइकल कोडच्या कलम २००१३ मध्ये म्हटले आहे. पोलीस बहुतेक वेळा धडकेनंतर पोहोचलेला असतो. तो दोघांचे ऐकून मत नोंदवतो. अहवालात चूक राहिली असेल, तर पुरवणी निवेदन देता येते.

राज्य बदलले की रक्कम बदलते

समजा वळणाऱ्याचे नुकसान ४०,००० डॉलर आहे आणि त्याची चूक ७० टक्के ठरली. कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्कमध्ये त्याला समोरच्याकडून १२,००० मागता येतात. टेक्सास आणि न्यू जर्सीत शून्य, कारण तिथे ५० टक्क्यांपर्यंतच दार उघडे असते. फ्लोरिडा २०२३पर्यंत कॅलिफोर्नियासारखाच होता, मग तोही टेक्सासच्या रांगेत गेला. जॉर्जियात तर निम्मी चूकही चालत नाही, निम्म्याहून कमी हवी.

व्हर्जिनिया, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना आणि अलाबामात अजून तो १८०९चा जुना नियम पाळतात. दहा टक्के चूक, तरी हातात शून्य. अपघात टाळण्याची शेवटची स्पष्ट संधी समोरच्याला होती असे दाखवता आले, तर तिथे थोडी पळवाट मिळते. वॉशिंग्टनच्या उपनगरांत आणि रॅलीजवळच्या कॅरीत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. कॅलिफोर्नियातल्या मित्राचा सल्ला तिथे जसाच्या तसा लावू नये.

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मिशिगन यांसारख्या राज्यांत दवाखान्याचा खर्च आधी आपल्याच पॉलिसीतून होतो, चूक कोणाचीही असो. गाडीच्या दुरुस्तीचा आणि मोठ्या दुखापतीच्या दाव्याचा प्रश्न आला, की अनेकदा पुन्हा चुकीपाशी येऊन थांबावे लागते.

शेजारच्या आसनावरच्या प्रवाशाला या टक्केवारीची झळ सहसा लागत नाही. त्याला दोन्ही ड्रायव्हरांकडे दावा लावता येतो. मुलाच्या पॉलिसीवर दावा लावायला आई-वडील कचरतात. पण तो मुलाविरुद्धचा राग नसतो, हप्ता त्यासाठीच भरलेला असतो. मात्र त्याच घरात राहणाऱ्या नातलगांना पॉलिसीतून वगळलेले असू शकते, ते आधी वाचावे.

५१ टक्क्यांची रेषा

कॅलिफोर्नियात भरपाईसाठी शून्यापासून शंभरपर्यंत सगळे आकडे चालतात, पण पुढच्या वर्षीच्या हप्त्यासाठी ५१ हा आकडा निर्णायक असतो. तुमची चूक किमान ५१ टक्के ठरली तर तुम्ही ‘मुख्यतः दोषी’. मग मतदारांनी मंजूर केलेल्या १९८८च्या प्रपोझिशन १०३ने दिलेली २० टक्क्यांची चांगल्या ड्रायव्हरची सवलत धोक्यात येते. हा निर्णय कंपनीला लेखी कळवावा लागतो आणि त्याचा फेरविचार मागता येतो. लोक ते पत्र उघडून फाइलला लावतात. खरे तर डॅशकॅमची फीत, सिग्नलचे वेळापत्रक आणि धडकेच्या जागेचे फोटो जोडून उत्तर पाठवायची वेळ ती असते. अशा उत्तराने शंभर टक्क्यांचे शून्य टक्के क्वचितच होतात. पण साठचे पन्नास झाले तरी रेषा ओलांडली जाते.

मुदती आणि स्मॉल क्लेम्स

कॅलिफोर्नियात दुखापत झाली असेल किंवा कोणाचेही नुकसान १,००० डॉलरपेक्षा जास्त असेल, तर दहा दिवसांत डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याकडे, एसआर-१ हा फॉर्म द्यावा लागतो. पोलीस आले होते, म्हणून तो चुकत नाही. दुखापतीचा दावा लावायला दोन वर्षे, गाडीच्या नुकसानीसाठी तीन. धडकणारी बस शहराची असेल किंवा बिघडलेल्या सिग्नलबद्दल सरकारी खात्याला जबाबदार धरायचे असेल, तर दुखापत आणि गाडीचे नुकसान यांची मागणी आधी सहा महिन्यांच्या आत त्या खात्याकडे नोंदवावी लागते, आणि ही मुदत अनेकांची हुकते.

समोरच्याकडे किमान विमाच असेल, तर १ जानेवारी २०२५पासून त्यात एका माणसाच्या दुखापतीसाठी ३०,०००, सगळ्यांच्या मिळून ६०,००० आणि मालमत्तेसाठी १५,००० डॉलर असतात. आजच्या गाड्यांच्या किमतीत १५,००० पुरतातच असे नाही. आणि तुमच्याकडेच विमा नसेल, तर चूक पूर्णपणे समोरच्याची असली तरी १९९६च्या प्रपोझिशन २१३मुळे वेदना आणि मनस्तापाचे पैसे मागता येत नाहीत.

कंपनीने मागणी फेटाळली आणि रक्कम १२,५०० डॉलरच्या आत असेल, तर स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे. तिथे दावा समोरच्या ड्रायव्हरवर आणि गाडीच्या मालकावर लावायचा असतो, त्यांच्या इन्शुरन्स कंपनीवर नाही. सुनावणीत वकील उभा करता येत नाही, दोघांनाही. न्यायाधीशासमोर चौकाचा नकाशा कागदावर काढून न्यावा, लेन मोजून, दिव्यांच्या जागा दाखवून, धडकेच्या ठिकाणी फुली मारून. तुमच्या वाट्याला काही मिनिटेच येतात आणि समोरचाही आपला नकाशा घेऊन आलेला असतो.